‘नवी हायड्रो’ म्हणून गळ्यात मारलेली मुदत संपलेली टाकी

२८,०५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पेंटबॉलच्या बंदुकीला हवा पुरवणाऱ्या कार्बन-फायबर टाकीचे १८,५००, ‘हायड्रो टेस्ट’चे, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याचे, २,४००, पॅकिंग आणि वाहतुकीचे १,१५० आणि वर्षभराच्या रिफिल पासचे ६,०००. बदल्यात घरी आला रबरी कव्हर घातलेला एक काळा डबा. हवा भरण्याचं ज्याला थोडंफार कळतं असा एकही माणूस तो कंप्रेसरला लावणार नाही.

आणि मी काही काल खेळायला लागलेलो नाही. कित्येक वर्षं अ‍ॅल्युमिनियमची ४८/३००० वापरली, म्हणजे ४८ क्यूबिक इंच आकारमान आणि ३,००० पीएसआय दाब. ती जड, आणि टाकीतला दाब साधारण ८०० पीएसआयवर, म्हणजे रेग्युलेटरच्या (टाकीच्या तोंडावरचा, दाब कमी करून हवा सोडणारा भाग) आउटपुटपाशी आला की गोळी मध्येच पडायला लागते. डाव ऐन रंगात असताना फिल स्टेशनकडे पळायचं. ६८/४५०० घेतली तर हवा दुपटीहून जास्त आणि वजन कमी, हे गणित कोणीही करेल. नवी परवडत नव्हती म्हणून वापरलेली शोधली. या खेळात सगळेच वापरलेल्या वस्तू घेतात, तेव्हा “नवीच घ्यायची ना” हे शहाणपण कृपा करून मला शिकवू नका.

विकणारा कसा बोलला ते सविस्तर लिहीत नाही. “दादा, अजून दोघं मागतायत, पण तुम्ही खेळाडू वाटता म्हणून तुम्हाला देतो.” “साइटवरून पैसे घेतले तर कमिशन कापतात, थेट पाठवा, हजार कमी करतो.” हे नाटक तुम्हाला पाठ आहे, मलाही होतं. पण हा माणूस विषयातला होता. कोणत्या मार्करला, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीला, साडेचारशेचा लो आउटपुट चालतो, कोणाला साडेआठशेचा लागतो, हे त्याने मी न विचारता सांगितलं. चोराला धंद्याची भाषा इतकी सफाईने बोलता येईल अशी शंका कोणाला येते?

आता ज्या एका फोटोपायी माझी झोप उडाली आहे, त्याबद्दल.

जाहिरातीतल्या फोटोत रेग्युलेटरवरच्या छोट्या गेजचा काटा दोन हजाराच्या जरा पुढे होता. मी विचारलं, हायड्रो कधीची? म्हणाला, संपत आलीय, पण २,४०० द्या, नवी करूनच पाठवतो. दिले. मग ‘टेस्ट झाली’ म्हणून दुसरा फोटो आला. कव्हर थोडं खाली ओढलेलं, लेबल दिसतंय, त्याच्याशेजारी टेस्टचं चकचकीत स्टिकर, त्यावर महिना आणि २४. आणि गेजचा काटा? दोन हजाराच्या जरा पुढे. होता तिथेच.

हायड्रो टेस्ट म्हणजे काय, तर टाकी पूर्ण रिकामी करतात, रेग्युलेटर काढतात, आत पाणी भरतात आणि नेहमीच्या दाबाच्या पाच तृतीयांशापर्यंत दाब चढवतात. ४,५०० च्या टाकीला ७,५००, ३,००० च्या टाकीला ५,०००. दाब काढल्यावर टाकी किती फुगलेली राहिली ते मोजतात, मग ती आतून वाळवतात. यातून बाहेर आलेली टाकी रिकामी असते. त्यानंतर कोणी बरोबर पहिल्याइतकीच हवा भरून फोटो काढेल? मला हायड्रो कशी करतात ते माहीत होतं. काटाही दिसत होता. दोन्ही फोटो एकाच फोनमध्ये, एकाखाली एक! आणि त्याच फोटोत मूळ लेबलवर, जिथे टाकी बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं बरोबर तिथे, त्याचा अंगठा. टाकी हातात धरल्यावर अंगठा कुठेतरी येणारच, असं मीच मला समजावलं. त्या अंगठ्याचं नख, नखाखालचा काळा मळ, आजही डोळ्यांसमोर आहे.

एकच वाक्य लिहायचं होतं: “अंगठा बाजूला घेऊन पुन्हा फोटो पाठवा.” नाही लिहिलं. कारण रक्कम बरीचशी गेलेली होती, आणि संशय दाखवला तर तो म्हणेल “नको असेल तर राहू द्या”, ही भीती. समोरचा याच भीतीवर जगतो.

रिफिल पासचंही याच गप्पांत ठरलं. “आमच्या ओळखीचं फिल स्टेशन आहे, ४,५०० पर्यंत भरतात, वर्षभर कितीही वेळा, सहा हजार.” ज्यांनी ४,५०० ची हवा शोधली आहे त्यांना कळेल मी हो का म्हटलं. बऱ्याच ठिकाणी ३,००० च्या वर कंप्रेसरच जात नाही. स्कूबाच्या सिलिंडरवरून भरून घ्या म्हणावं तर साधा स्कूबा सिलिंडर स्वतःच ३,००० चा, तुमची टाकी त्याच्यापुढे जाणार कशी? साडेचार हजाराची टाकी घेऊन तीन हजारावर भरत बसायचं तर कार्बनचे पैसे कशाला घालायचे? तेव्हा पासही मला वाजवीच वाटला. ते फिल स्टेशन खरं आहे. पास बोगस.

टाकी आली आणि मी ती भरायला नेली. तिथल्या माणसाने ती हातात घेतली, फिल निपलवरून, म्हणजे हवा भरायच्या तोंडावरून, बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

“तेल कोणी लावलं?”

शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. उच्च दाबाची हवा जोरात आत शिरते तेव्हा तिथली हवा क्षणात तापते, आणि खनिज तेल असेल तर ते पेट घेऊ शकतं. निपल कोरडाच ठेवायचा, आणि ओ-रिंगला लावायचंच असेल तर हवेच्या दाबाला चालणारं खास ग्रीसच. चकाकी यावी म्हणून कोणी तेल लावून देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

मग त्याने रेग्युलेटरवरची बर्स्ट डिस्क दाखवली, म्हणजे दाब जास्त झाला की फुटून हवा सोडणारी चकती. जास्त दाबाच्या बाजूच्या डिस्कवर ५के कोरलेलं. ५के म्हणजे ५,०००, ही ३,००० च्या टाकीची डिस्क. ४,५०० च्या टाकीला ७.५के हवी. म्हणजे रेग्युलेटरही कुठल्यातरी अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवरचा काढून बसवलेला. ४,५०० भरताना हवा तापून दाब आणखी चढला असता तर डिस्क तिथेच फुटली असती. उलटा प्रकार जास्त वाईट: ३,००० च्या टाकीवर ४,५०० चा रेग्युलेटर. फिल निपल दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे भरणाऱ्याची नळी बिनतक्रार बसते आणि टाकी जादा भरली जाते. डिस्कवरचा आकडा वाचायला चष्मा लावावा लागला तरी लावा.

“कव्हर काढा,” तो म्हणाला. मी काढलं. “पूर्ण काढा.” खालच्या अर्ध्या भागावर काळ्या रंगाचा हात मारलेला. कार्बनच्या टाकीला रंग लावला की माझ्या हिशेबी ती बाद. रंगाखाली तंतू तुटलेत की नाही ते कळत नाही, आणि रंगातलं रसायन तंतू बांधून ठेवणाऱ्या रेझिनला काय करतं हे कोणी सांगावं. मग त्याने टेस्टच्या स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. स्टिकर उचकटलं. खऱ्या टेस्टचं लेबल कार्बनवर रेझिनखाली पक्कं बसवतात, नखाने निघत नाही. खाली जुनी टेस्ट होती, आणि अंगठ्याखाली लपवलेली उत्पादनाची तारीख सापडली: ०८.

२००८. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या (डॉट) परवान्यांखाली बनलेल्या या जातीच्या टाक्यांना दर पाच वर्षांनी टेस्ट लागते, आणि बनवल्यापासून पंधरा वर्षं झाली की खेळ संपला. म्हणजे २०२३ ला ही टाकी मेली. तिची २०२४ मध्ये टेस्ट होऊच शकत नाही, कोणी केली असती तरी तिला अर्थ नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचं तसं नाही. दर पाच वर्षांनी टेस्ट पास होत राहिली तर ती चालते, आयुष्याची मर्यादा नाही. म्हणून जुनी घ्यायचीच तर अ‍ॅल्युमिनियम घ्या, हे आता सुचतंय.

“भाऊ, मी ही भरणार नाही, आणि तुम्हीही दुसरीकडे भरून घेऊ नका,” एवढं म्हणून त्याने टाकी काउंटरवर ठेवली. पास दाखवला तर म्हणाला, असला पास आम्ही काढतच नाही. मागे बूट बांधत बसलेली पोरं ऐकत होती. सहा हजारांपेक्षा तेच जास्त लागलं.

लोक म्हणतात पैसेच गेले ना, जाऊ दे. पैसेच कुठे? ६८ क्यूबिक इंच म्हणजे एक लिटरहून थोडंसं जास्त. तेवढ्या जागेत तीनशेपट दाबाची हवा, आणि खेळताना ती खांद्याला टेकलेली, कानापासून वीतभर अंतरावर. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या सीओटूवाल्यांनीही हसू नये. त्यांच्यातही टाकी मार्करमधून काढताना ती व्हॉल्व्हवरूनच सुटून उडाली आणि माणसं मेली असे प्रकार झालेले आहेत. काढताना व्हॉल्व्ह टाकीबरोबर फिरतोय ना, यावर नजर ठेवा. टाकी फिरतेय आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी, असं दिसलं की थांबा, हात लावू नका, जाणकाराकडे न्या.

आता तक्रारीचा तमाशा.

पोलीस ठाण्यात विचारलं, “टाकीत गॅस कोणता होता?” म्हटलं, गॅस नाही, हवा. “म्हणजे तुम्ही हवा विकत घेतलीत?” पलीकडचा हवालदार हसला. मग मार्कर म्हणजे काय ते सांगायला गेलो तर, “बंदूक आहे तुमच्याकडे? परवाना दाखवा.” फिर्यादी मी, आणि जबाब द्यायची पाळीही माझ्यावरच! तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक नाही, मालाच्या दर्जाची तक्रार आहे, ग्राहक तक्रारीत जा. तिथे सांगितलं, विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस, आमच्याकडे येत नाही. पोलिसात जा. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पण मी कुठे म्हणतो दुसऱ्याने पाठवले? साइटवाले म्हणतात व्यवहार बाहेर झाला आणि जाहिरात आता ‘विकले गेले’ म्हणून काढलेली आहे, त्यामुळे आम्हाला दिसत नाही. जाहिरात तुमची, खातं तुमच्याकडे उघडलेलं, आणि तुम्हालाच दिसत नाही? मी काढून ठेवलेले फोटो पाठवले तर उत्तर आलं, “आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

स्टिकरवर टेस्ट करणाऱ्याचा आरआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, एक अक्षर आणि तीन आकडे, चौकोनात मांडलेले, आजूबाजूला महिना आणि वर्ष. अमेरिकेत या क्रमांकांची यादी वाहतूक खात्याची पीएचएमएसए ही संस्था ठेवते, ती कोणालाही बघता येते. पैसे देण्याआधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मी नंतर बघितलं, क्रमांक खरा निघाला, म्हणून त्या टेस्टवाल्यांना टाकीच्या सिरियल नंबरसकट मेल केला. या सगळ्या प्रकरणात सरळ उत्तर देणारे तेवढेच निघाले: “ही टाकी आमच्याकडे आलेली नाही, स्टिकर आमचं नाही.” तो मेल छापून ठाण्यात नेला. तर साहेब म्हणाले, यावर सही-शिक्का नाही. लेटरहेडवर मागवा, आणि मराठीत भाषांतर करून, तेही प्रमाणित करून आणा. स्टिकर दाखवायला टाकीच टेबलावर ठेवली होती, ती मात्र दोघांनी खुर्च्या मागे सरकवून बघितली. यात काही स्फोट होणार नाही ना, असं विचारलं. एवढं कळतं तर गुन्हा नोंदवायला काय होतं?

मधल्या काळात तोच अंगठा वेगळ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. मी कळवलं. ‘पडताळणी सुरू आहे’ असा निरोप आला आणि जाहिरात तशीच राहिली.

टाकी मी एका टेस्टवाल्याकडून बाद करून घेतली, गळ्याचे आटे कापून, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकू नये. त्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, स्टिकर पाकिटात ठेवलं. ‘पुरावा का नष्ट केला’ असं आता ठाण्यातून विचारतात. जमा करून घ्या म्हटलं होतं तेव्हा ठेवायला जागा नव्हती.

तक्रारीची पोच माझ्याकडे आहे, पुढे काही नाही. अलीकडे कोणी वापरलेली ६८/४५०० घेतली असेल, कव्हरासकट, नव्या स्टिकरसकट, तर आजच कव्हर पूर्ण काढा, स्टिकरला नख लावून बघा आणि उत्पादनाची तारीख वाचा. बनवून पंधरा वर्षं झालेली निघाली तर हवा हळूहळू सोडा, पुन्हा भरू नका, आणि स्टिकर फेकू नका. मला कळवा. चार-पाच जण एकत्र गेलो तर निदान खुर्ची तरी देतील.