पारदर्शक डिझेल पाइप: सकाळी स्टार्ट न होणाऱ्या ट्रकसाठी

रात्रभर उभा ट्रक सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावरच उठत असेल, तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खोलण्याआधी हा पाइप लावा. अशा वेळी अनेकदा सक्शन लाइनमध्ये, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीत, हवा शिरते, पण बाहेर डिझेल ठिबकत नाही, म्हणून चूक सापडत नाही. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधी फूटभर तुकडा जोडा, हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) हवा काढा, इंजिन चालू करून बुडबुडे पाहा. दिसले तर पाइपचं टाकीकडचं टोक थेट डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. बुडबुडे थांबले की दोष टाकीकडच्या लाइनमध्ये: बहुधा बँजो बोल्टचे (लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. ते नवेच टाका. पाइप डिझेलने कडक होतो, तपासणीपुरताच वापरा. हाय प्रेशर बाजूला, म्हणजे नोझलकडच्या लाइनला, अजिबात नको. एवढ्या स्वस्तात इतकं नेमकं निदान देणारं दुसरं साधन नाही.