ईएसपी३२ चा ३८ पिनांचा बोर्ड: चिप उत्तम, पण फर्मवेअर घेताना रुसते

ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा ३८ पिनांचा साधा बोर्ड घेतला की पहिली तक्रार ठरलेली: फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारा प्रोग्राम, संगणकावरून चढतच नाही. 'कनेक्टिंग'पुढे ठिपके उमटत राहतात आणि शेवटी 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर' असा शेरा येतो. फर्मवेअर चढवणाऱ्या ईएसपीटूल या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या जरा नेमकं सांगतात: 'राँग बूट मोड डिटेक्टेड', सोबत हेक्स १३. हा आकडा दिसला तर निम्मं निदान झालंच. रीसेट होतोय, चिपकडून मजकूरही येतोय. फक्त ती डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे नवं फर्मवेअर घ्यायच्या स्थितीत, न जाता नेहमीसारखी फ्लॅशमधून (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीतून) सुरू होते आहे.

ईएन ही चिप रीसेट करणारी पिन. ती वर जाते, म्हणजे हाय होते, त्या क्षणी चिप जीपीआयओ ० या पिनेकडे बघते. जीपीआयओ ० लो (शून्य व्होल्टवर) असली तरच डाउनलोड मोड. हे काम बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर करतात, यूएसबी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या दोन नियंत्रण रेषांच्या इशाऱ्यावर. अडचण अशी की विंडोजवर या दोन रेषा एकाच क्षणी बदलत नाहीत, एकीमागून एक बदलतात. तेवढ्या फटीत ईएन वर गेली, की जीपीआयओ ० लो व्हायच्या आत चिप सुरू झालेली असते. म्हणून ईएनवर १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफची शिफारसही हीच आहे. दोघांचा गुणाकार १० मिलिसेकंद, तेवढी उसंत पुरते. स्वस्त बोर्डांवर हा कपॅसिटर एकतर ०.१ चा असतो, नाहीतर त्याची जागाच रिकामी असते.

उपाय सोपा आहे. ईएन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाग देऊन बसवा. इलेक्ट्रोलायटिक असेल तर अधिक टोक ईएनकडे. भागलं नाही तर १० पर्यंत जा, त्यापुढे नको. ईएन फारच सावकाश वर आली तर तोवर जीपीआयओ ० सुटलेली असते, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डाग द्यायचा नसेल तर अपलोड सुरू करताना 'बूट'चं बटण दाबून धरा, तेवढ्यात 'ईएन' एकदा टिचकवा, आणि लिहिणं सुरू झालं की बोट काढा.

बटण दाबूनही जमत नसेल तर बोर्डाला जोडलेलं सगळं आधी सोडवा. जीपीआयओ २ ला पुल-अप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) लागलेला असेल तर डाउनलोड मोड मिळत नाही. जीपीआयओ ३ ही यूएआरटी या सिरियल जोडणीची आरएक्स, म्हणजे ऐकणारी पिन. तिच्यावर जीपीएस मॉड्यूल बडबडत असेल तर संगणकाचं चिपपर्यंत पोचणारच नाही. सगळ्यात फसवी जीपीआयओ १२. रीसेटच्या वेळी ती हाय असली तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते आणि 'फ्लॅश रीड एरर १०००' येत राहतो. ईफ्यूज (चिपमधली एकदाच लिहिता येणारी नोंद) जाळून हा व्होल्टेज ३.३ वर कायमचा बांधता येतो, पण तो बदल परत फिरवता येत नाही. सेन्सर दुसऱ्या पिनवर न्यावा हे बरं. आणि ३८ पिनांच्या रचनेतला खरा दोष म्हणजे जीपीआयओ ६ ते ११ या पिना बाहेर काढल्या आहेत. त्या आतल्या फ्लॅशच्याच आहेत. तिथे साधा एलईडीही लावू नका.

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. कितीतरी केबलांत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. यूएसबी-सी असलेल्या काही बोर्डांवर सीसी पिनांचे, म्हणजे वीज मागणाऱ्या पिनांचे, ५.१ किलोओहमचे रेझिस्टरच नसतात, त्यामुळे सी-टू-सी केबलवर दिवासुद्धा लागत नाही आणि ए-टू-सी वर सगळं चालतं. उबंटू २२.०४ वर सीएच३४० या यूएसबी चिपचा पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर दोषी आहे बीआरएलटीटीवाय, ब्रेल उपकरणांसाठीचं पॅकेज. लागत नसेल तर काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं तर स्वतःला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या लिनक्सच्या गटात) घाला आणि लॉगआउट करून परत या.

जोडणी होते पण मध्येच तुटते? अपलोडचा वेग (बॉड) ९२१६०० वरून ४६०८०० वर, नाहीतर ११५२०० वर आणा. लिहून झाल्यावर बोर्ड सुरू होत नसेल तर फ्लॅशमधले पत्ते तपासा: या चिपचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम) हेक्स १००० वर, पार्टिशन टेबल (फ्लॅशच्या वाटणीचा तक्ता) ८००० वर, ॲप १०००० वर. याच घराण्यातल्या ईएसपी३२-सी३ आणि एस३ या चिपांचा बूटलोडर शून्यावर असतो; जुनी आज्ञा तशीच चिकटवली की इथेच घोळ होतो. वाय-फाय सुरू होताच 'ब्राउनआउट' (व्होल्टेज घसरल्याचा शेरा) येत असेल तर दोष फर्मवेअरचा नाही. केबल आखूड आणि जाड वापरा, ५०० मिलिअँपिअर खरोखर मिळतात का ते बघा.

बोर्ड घ्यावा का? घ्यावा, पण ईएनच्या बटणाशेजारचा कपॅसिटर बघून. ब्रेडबोर्डवर हा इतका रुंद बसतो की बाजूला भोकं उरतातच कशीबशी, तेवढं सोसायची तयारी ठेवा. काहीही जोडण्याआधी ईएसपीटूलने फ्लॅशचा आयडी वाचून घ्या: डिव्हाइस ४०१६ म्हणजे ४ एमबी. ४ एमबी सांगून दिलेल्या बोर्डावर ४०१५ निघाला तर आत २ एमबीच आहे, आणि असा बोर्ड सरळ परत पाठवावा.