केळीच्या बागा की तोरणमाळ? कॅमेरा घेऊन निघण्याआधी

हाताशी दोन दिवस आहेत, कॅमेरा किंवा बरा मोबाइल आहे आणि घरी आल्यावर फोटो समोर ठेवून चित्रं काढायची आहेत. खान्देशात कुठे जाल? बहुतेक जण सातपुड्यातलं तोरणमाळ सुचवतील. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीच्या बागा सांगेन.

तोरणमाळ देखणं आहे, यात वादच नाही. शहाद्याहून घाट चढून सुमारे ११५० मीटर उंचीवर पोचलं की यशवंत तलाव, सीताखाई, पावसाळ्यात दरीतून वर येणारं धुकं. कुठेही उभे राहा, फोटो तयारच असतो. माझी अडचण तिथेच होते. कागद घेऊन बसलं की तो फोटो तसाच्या तसा उतरवण्यापलीकडे हाताला काम उरत नाही.

बागेत उलट होतं. पहिला तासभर हिरव्याशिवाय काही दिसतच नाही. मग ऊन वर येतं आणि पानं मागून उजळतात. मधला जाड दांडा, त्यातून निघालेल्या समांतर शिरा, वाऱ्याने शिरांच्याच रेषेत फाडलेल्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांची सावली खालच्या पानावर आडवी पडलेली. घडाच्या टोकाला जांभळं कमळ, म्हणजे केळफूल, लोंबत असतं. त्याची एक पाकळी उचललेली असते, आतून तांबडी, आणि तिच्याखाली पिवळसर फुलांची ओळ. त्या एका कमळावर मी अख्खी सकाळ घालवली आहे. नंतर त्याची अकरा रेखाटनं झाली, एकही दुसऱ्यासारखं नाही.

पण इथे कॅमेऱ्यावर सगळं सोडून चालत नाही. पानांतून गाळून आलेल्या उजेडात माणसांचे चेहरे हिरवट येतात, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हाताने लावा. काळ्या मातीचं तर फारच जपावं लागतं. गडद रान दिसलं की कॅमेरा ते उजळवायला जातो आणि आपली काळी कसदार माती राखाडी होते. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा करा. मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढला तरी काम भागतं. बागेत मोबाइल पुरतो. तोरणमाळला मात्र लांबच्या डोंगररांगांसाठी झूम लेन्स हवीच.

थोडक्यातून किती निघतं, हे पाहायचं असेल तर वाटेत चाळीसगावला उतरा. छायाचित्रकार केकी मूस यांनी तिथे टेबलावर साध्या वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे.

माणसांचं म्हणाल तर दोन्हीकडे आधी बोलणं, मग फोटो. बाग कुणाच्या तरी कष्टाची असते, विचारल्याशिवाय आत शिरू नका. कापणी चालू असेल तर घड वाहणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका. सातपुड्यातल्या पाड्यांवर आणखी जपा. होळीत नटून नाचणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे लेन्स नेणं मला बरोबर वाटत नाही. आधी दिवसभर तिथे बसा, ओळख होऊ द्या.

ऋतूवरही बरंच ठरतं. फाल्गुनात पळस फुललेला असताना निघणार असाल तर माझं ऐकू नका, सरळ सातपुडा गाठा. पावसाळ्याच्या अखेरीस तोरणमाळ. मे महिन्यात कुठेच नको, पारा ४५ अंशांवर जातो आणि धुरकट उन्हात डोंगर दिसेनासे होतात.

डिसेंबर-जानेवारी असेल तर भुसावळला उतरून यावल-फैजपूरकडे मुक्कामाला जा. सूर्य तेव्हा आग्नेयेला उगवतो आणि सातपुडा उत्तरेला असतो. त्यामुळे पहिलं ऊन डोंगरावर तिरकं पडतं आणि एकेक घळ वेगळी उठून दिसते. पुढे दव धरलेली केळीची पानं, मागे निळी रांग. सूर्योदयापासून तासाभराच्या आत काढा. नंतर ऊन आपल्या पाठीमागून थेट डोंगरावर पडतं आणि डोंगर सपाट दिसायला लागतो.