रोजच्या प्रार्थनेला रोझरी कोणती घ्यावी?

माउंट मेरीच्या जत्रेत, माहीमला बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला किंवा वेलंकनीला गेलं की स्टॉलवर रोझऱ्यांचे, म्हणजे कॅथलिक जपमाळांचे, झुबकेच्या झुबके लटकलेले असतात. माणूस त्यातली एक उचलतो ती बहुतेक रंग बघून. रोज जपमाळेची प्रार्थना करायची असेल तर रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते मण्याचं माप, दोन मण्यांमधलं अंतर आणि मणी कशात ओवलाय ते.

निकाल आधीच सांगून टाकतो: ८ मिलिमीटरचे लाकडी मणी, नायलॉनचा दोरा आणि मण्यामण्याला गाठ. दिसायला साधी, बहुतेक ठिकाणी स्वस्त, आणि वर्षानुवर्षं टिकणारी. काच, मोती, चांदीचा मुलामा ही सगळी हौस. हौसेला विरोध नाही, पण ती माळ वेदीजवळ ठेवावी, खिशात नको.

कारण सरळ आहे. मन रहस्यावर, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातल्या एखाद्या प्रसंगावर असतं, ओठांवर दहा-दहा वेळा म्हणायचं 'नमो मारिया' असतं, तेव्हा मोजणी बोटांनीच सांभाळायची असते. मोजायला डोळे उघडावे लागले की ध्यान गेलंच. म्हणून प्रत्येक मणी चिमटीत वेगळा यायला हवा आणि प्रभूच्या प्रार्थनेचा मणी अंधारातही वेगळा कळायला हवा: एक तर मोठा हवा, नाहीतर त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. स्वस्त माळांमध्ये सगळे मणी एकाच मापाचे आणि एकमेकांना चिकटून असतात. मग दहाव्यावरून बोट सरळ पुढच्या मण्यावर जातं आणि अकरावं 'नमो मारिया' सुरू होतं. गाठी न मारता नुसत्या ओवलेल्या माळेत तर मणी सरकून एका बाजूला गोळा होतात. ६ मिलिमीटरचे मणी सुबक दिसतात, पण संधिवात असलेल्या बोटांना ते सापडत नाहीत. वयस्कर माणसासाठी १० मिलिमीटरचे घ्या.

विकत घेण्याआधी मणी मोजा. हसू नका, खरंच मोजा. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, माळेत ५९ मणी असतात: ५३ लहान, ६ मोठे. दशकांचे ५० आणि क्रुसाकडच्या शेपटीतले ३ मिळून ५३. मोठ्यांपैकी दोन शेपटीत, चार दशकांच्या मध्ये. एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी भरलेली माळ स्टॉलवर सापडणं काही नवलाचं नाही. शिवाय त्याच खुंटीला सात दुःखांची माळ लटकलेली असते. तिच्यात सात-सात मण्यांचे सात गट असतात. घाईत तीच रोझरी म्हणून घरी येते आणि पहिल्याच संध्याकाळी हिशेब चुकतो. दैवी करुणेच्या प्रार्थनेला मात्र वेगळी माळ लागत नाही, ती याच पाच दशकांवर होते.

आता साखळीच्या माळा. यात प्रत्येक मण्यातून एक तार जाते आणि तारेची दोन्ही टोकं वळवून कड्या केलेल्या असतात. म्हणजे एका माळेत शंभराच्या वर कड्या, आणि त्यातली एक उघडली की मणी गेला. माळ उजेडासमोर धरून कड्यांची तोंडं बघा. टोकं एकमेकांना भिडलेली नसतील आणि फटीतून उजेड दिसत असेल, तर ती पर्सच्या चेनमध्ये अडकून उघडणारच. सगळ्यात जास्त ताण येतो तो तीन फाटे जिथे जुळतात त्या मेडलवर आणि क्रुसाच्या वरच्या कडीवर. या दोन जागा हलक्या हाताने ओढून पाहा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. उघडलेली कडी घरी नीट करता येते, पण ती दोन बाजूंना फाकवू नये. दोन पकडींनी टोकं धरून एक पुढे, एक मागे अशी वळवावी आणि तशीच परत आणावी. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि दोन-तीनदा केली की तुटते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि घामात मुलामा टिकत नाही. चांदीचा काळा पडतो, पितळेला हिरवट कळा येते, लोखंडी तारेला पावसाळ्यात गंज चढतो. काहींच्या बोटांना निकेलमुळे खाज सुटते. साखळीच हवी असेल तर स्टेनलेस स्टीलची घ्या आणि निकेल सोसत नसेल तर दोऱ्याकडेच वळा.

दोराही कोणताही चालत नाही. सुती दोरा घामाने कुजतो. इलास्टिकचं ब्रेसलेट काही महिन्यांत सैल पडतं. नायलॉनची टोकं लायटरने वितळवून पक्की करता येतात, हा त्याचा मोठा फायदा. मणी न वापरता नुसत्या गाठींचीही माळ होते. तिला २० ते २५ फूट जाड नायलॉन लागतो; तीन वेढ्यांची गाठ म्हणजे 'नमो मारिया', त्याहून जाड गाठ म्हणजे प्रभूची प्रार्थना. ती वाजत नाही, गंजत नाही, साबणाने धुता येते. रात्री उशाखाली ठेवणाऱ्यांनी किंवा आजाऱ्याच्या हातात देणाऱ्यांनी हीच घ्यावी.

काचेचे मणी दोऱ्यात कधीच घेऊ नयेत. भोकाची कड धारदार असते, ती दोरा आतून कापत राहते. तुटेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. लाकडी मण्यांना रंग दिलेला असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून बघा. रुमाल तांबडा झाला तर उन्हाळ्यात तळहातही होईल. पावसाळ्यात लाकडावर बुरशी धरते ती बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवल्यामुळे, म्हणून कापडी पिशवी बरी. खोबरेल चोपडू नका, धूळ चिकटते आणि खवट वास येतो. पवित्र भूमीहून येणारे लोक बेथलेहेमच्या ऑलिव्ह लाकडाच्या माळा आणतात. लाकूड घट्ट आणि उत्तम, पण क्रुसावरची येशूची छोटी मूर्ती पुष्कळदा नुसती डिंकाने चिकटवलेली असते. ती निघायच्या आधीच पक्की करून घ्यावी. चंदनी म्हणून विकल्या जाणाऱ्या माळेचा वास महिनाभरात उडाला, तर तो लाकडाचा नव्हता, वर लावलेल्या अत्तराचा होता.

बियांच्या माळांमध्ये एक गोष्ट मात्र गंभीर आहे. लाल-काळ्या गुंजांची माळ सुंदर दिसते, आणि या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच जपमाळेचा संबंध आहे: एब्रस प्रिकेटोरियस. पण गुंजेतलं विष अतिशय जहाल असतं. अखंड बी गिळली तर कदाचित तशीच बाहेर पडेल. माळेसाठी भोक पाडलेल्या बीचं संरक्षक कवच मात्र फुटलेलं असतं. लहान मूल असलेल्या घरात ही माळ नकोच.

लोकलने जाणाऱ्यांसाठी रोझरीची अंगठी ही सोयीची वस्तू. तिच्यावर दहा उंचवटे आणि एक क्रूस असतो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताचा अंगठा उंचवट्यावर, आणि नायगाव सोडून खाडीचा पूल ओलांडेपर्यंत एक दशक आरामात होतं. अंगठी बोटात फिरवायची असते, म्हणून मापाहून किंचित सैल घ्या. उकाड्यात बोटं सुजली की घट्ट अंगठी फिरत नाही. कितवं दशक चालू आहे हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक माळही आहे. पोपच्या जागतिक प्रार्थना जाळ्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्लिक टू प्रे ई-रोझरी' आणली: काळ्या अकीक आणि हेमटाइटचे दहा मणी, एक स्मार्ट क्रूस, तेव्हाची किंमत ९९ युरो. क्रुसाची खूण केली की ती सुरू होते आणि ॲपमधून प्रार्थना ऐकू येते. बाजारात येताच तिच्या ॲपमध्ये खात्यात शिरता येईल अशी त्रुटी सापडली होती, ती लगेच दुरुस्त झाली. नव्याने शिकणाऱ्या तरुणाला तिचा उपयोग होऊ शकतो. पण मोजायला चार्जिंग लागणारी वस्तू आणि न लागणारी वस्तू यांत निवड करायची तर आमचं मत दोऱ्याला.

डबीत मिळणारी पत्रिकाही तपासा. बऱ्याच जुन्या छपाईत पंधराच रहस्यं असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ च्या पत्रातून प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली, आणि वारांची मांडणीही बदलली: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. गुरुवारसमोर 'आनंदाची' लिहिलेलं दिसलं तर ती पत्रिका जुनी. तिच्यात चूक काही नाही, फक्त ऑक्टोबर महिन्यात वाडीतल्या क्रुसाजवळ सगळे एक रहस्य म्हणतात आणि आपण दुसरं.

कुटुंबात एकत्र, पाचही दशकं सलग, रहस्यांचं मनन करत म्हटली तर नेहमीच्या अटींवर पूर्ण दंडमाफी (पापाबद्दल भोगायच्या उरलेल्या शिक्षेची माफी) आहे: पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची कसलीही ओढ नसणं. सलग म्हणजे मध्ये कुकरची शिट्टी बंद करायला उठणं नाही. गॅस आधीच बंद करा. साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकत असेल तर रहस्याचं नाव घेतल्यावर कोणी थांबतच नाही, असं समजावं.

माळ घेतली की मिस्सानंतर फादरांकडून आशीर्वादित करून घ्या. आशीर्वादित माळ विकायची नसते, भेट द्यायला हरकत नाही. दुरुस्त न होण्याइतकी तुटली तर कचऱ्यात टाकू नये. दोरा आणि लाकूड जाळावं, धातू आणि काच मातीत पुरावी.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मुलांना पांढऱ्या मोत्यांची माळ देण्याची पद्धत आहे. त्या मोत्यांवरचा चकचकीत थर बहुधा नखानेही सोलतो आणि खाली नुसतं प्लास्टिक निघतं. फोटोसाठी ती द्या, पण सोबत एक गाठींची किंवा अंधारात चमकणारी धुता येण्याजोगी माळही द्या. मुलाच्या दप्तरात जाईल ती हीच.