टर्बो इंजिनासाठी वॉल्ब्रो २५५ पंप आणि टर्बोस्मार्ट एफपीआर-८०० रेग्युलेटर : एक परीक्षण

पोर्ट इंजेक्शनचे, म्हणजे सिलिंडरबाहेर हवेच्या मार्गात इंधन फवारणारे, पेट्रोल टर्बो इंजिन ३०० अश्वशक्तीच्या आसपास नेऊ इच्छिणाऱ्यांना मी वॉल्ब्रोचा ताशी २५५ लिटरचा पंप आणि टर्बोस्मार्टचा एफपीआर-८०० हा इंधनाचा दाब राखणारा रेग्युलेटर ही जोडी सुचवतो. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसमधले १.८ लिटरचे टर्बो हे आपल्याकडचे अशा इंजिनाचे परिचित उदाहरण. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना हे परीक्षण लागू पडत नाही, कारण तिथे कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा वेगळा पंप असतो आणि दाबाचे नियंत्रण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक करतो.

खरेदी करताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाते, आणि निवड तिथेच चुकते. पंप ताशी किती लिटर इंधन देतो, हे तो किती दाबाविरुद्ध आणि किती व्होल्टवर चालतो आहे यावर ठरते. वॉल्ब्रोचा २५५ हा आकडा साधारण ४० पीएसआय, म्हणजे पावणेतीन बार दाबाचा आहे. रेलचा, म्हणजे इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीचा, मूळ दाब ३ बार आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, १.२ बार असेल, तर पंपाला ४.२ बार दाबाविरुद्ध इंधन ढकलावे लागते आणि त्याचा पुरवठा ताशी २०० लिटरच्या आसपास उतरतो. वायरिंग जुने असल्यामुळे पंपापाशी १३.५ ऐवजी १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर तो आणखी घटतो.

आता गरज किती ते पाहू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन जाळते, असे धरून हिशोब करण्याची रीत आहे. त्यानुसार ३०० अश्वशक्तीला ताशी साधारण ८१ किलो, म्हणजे ११० लिटर पेट्रोल लागते. मात्र आज आपल्या पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९. त्यामुळे ई-२०साठी इंधनाचे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांनी वाढवावे लागते. गरज १२० लिटरपाशी पोहोचते, त्यावर वीस टक्के राखीव धरले तरी आकडा १४५च्या आत राहतो. २५५चा पंप ४.२ बारलाही एवढे इंधन सहज देतो, म्हणून या उद्दिष्टाला तो पुरेसा आहे.

मग ताशी ४५० लिटरचा मोठा पंपच का बसवू नये? हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर रेग्युलेटरमध्ये आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसते चालू असताना ताशी जेमतेम एखाद-दोन लिटर इंधन जाळते. पंपाने ढकललेले उरलेले सगळे इंधन रेग्युलेटरमधून आणि रिटर्न लाइनमधून टाकीत परत जावे लागते. मूळ गाडीची अरुंद रिटर्न नळी तशीच ठेवली, तर ४५०चा प्रवाह तिच्यात तुंबतो आणि रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी दाब ३ बारपर्यंत उतरत नाही. शिवाय हा पंप २५५च्या दीडपटीच्या आसपास वीज खातो आणि फिरून फिरून टाकीतले इंधन तापवतो. त्याचा आवाज मात्र कमी, आणि तो इथेनॉलसाठी बनवलेला आहे, हे त्याचे खरे गुण आहेत.

२५५च्या उणिवाही याच दोन बाबतींत. त्याची जेरोटर, म्हणजे एकात एक फिरणाऱ्या दातेरी चक्रांची रचना सतत बारीक गुणगुण करते, जी मागच्या सीटवर बसणाऱ्यांना जाणवते. आणि तो मुळात पेट्रोलचा पंप आहे. गाडी अनेक वर्षे ई-२०वरच वापरायची असेल, तर एईएमचा ५०-१२०० हा इथेनॉल चालणारा पंप थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा, असे माझे मत आहे.

रेग्युलेटरचे काम अनेकांना किरकोळ वाटते, पण टर्बो इंजिनाचे पिस्टन वाचवणारा भाग हाच. त्याच्या डायफ्रामच्या, म्हणजे लवचीक पडद्याच्या एका बाजूला इंधन, तर दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डमधून (सिलिंडरना हवा पुरवणाऱ्या मार्गातून) आलेली नळी असते. बूस्ट १.२ बार वाढला की रेलचा दाबही तेवढाच वाढायला हवा, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ३ बारच राहतो. ही नळी निसटली तर फरक १.८ बारवर येतो, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळानुसार बदलत असल्यामुळे इंधन सुमारे २२ टक्क्यांनी घटते. पूर्ण बूस्टला इतके पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचा सिलिंडरमध्ये आपोआप भडका उडणे), आणि पुढे वितळलेला पिस्टन. म्हणून ही नळी आखूड असावी, दोन्ही टोकांना क्लिप असावी आणि तिच्यावर बूस्ट गेज किंवा दुसरे काहीही जोडू नये.

एफपीआर-८०० हे काम एकास एक या प्रमाणात चोख करतो. नळी काढून आयडलवर ३ बार लावले आणि नळी पुन्हा जोडली की व्हॅक्यूममुळे दाबाचा काटा सुमारे अर्ध्या बारने खाली येतो. हा डायफ्राम जिवंत असल्याचा सोपा पुरावा आहे. एअरोमोटिव्हचा ए-१००० उत्तम असला तरी त्याची १० नंबरची मोठी इनलेट तोंडे मोठ्या इंजिनांसाठी आहेत. बूस्टच्या कित्येक पट दाब वाढवणारे रायझिंग रेट रेग्युलेटर जुन्या टर्बो किटमध्ये मिळत. ट्यून करता येणारा ईसीयू असताना ते घेऊ नयेत.

बाजारात वॉल्ब्रोच्या नकला फार आहेत, तेव्हा पंप बसवल्यावर तो मोजावाच. इंजिन बंद ठेवून रिटर्न नळी मोजपात्रात सोडावी, रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून येणाऱ्या नळीला हातपंपाने १.२ बार दाब द्यावा आणि रिलेला जोड देऊन पंप १५ सेकंद चालवावा. ताशी २०० लिटर म्हणजे या वेळेत सुमारे ८३० मिलिलिटर. अर्ध्या लिटरपाशीच थांबला तर पंप किंवा वायरिंग सदोष आहे. हे काम उघड्यावर, बॅटरी आणि ठिणग्यांपासून दूर, अग्निशामक जवळ ठेवूनच करावे.

पंपासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले हा खर्च टाळू नये. टाकीच्या आत पंपाला जोडायची नळी एसएई जे३०आर१० दर्जाची, म्हणजे इंधनात बुडून राहण्यासाठी बनवलेलीच असावी. साधी इंजेक्शन नळी फक्त आतून इंधन सोसते, बाहेरून भिजत राहिली की फुगते आणि तिचे तुकडे फिल्टरकडे जातात.