फोनच्या मदतीने चालणारी दुर्बीण

११४ मिमी आरशाची ही दुर्बीण नवशिक्यांनी बिनधास्त घ्यावी. फोन खोबणीत बसवला की त्याचा कॅमेरा ताऱ्यांची मांडणी ओळखतो आणि नळी कुठे वळवायची ते पडद्यावरचे बाण सांगतात. मोटर नाही, वळवायची आपल्याच हाताने. मला तेच आवडलं. देवयानी दीर्घिका अशीच सापडली: मधोमध उजळ, कडेला विरत गेलेला धुरकट पट्टा, आणि तोही २५ लाख प्रकाशवर्षांवरचा! फोटोतले रंग दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. गुरूचे चार चंद्र मात्र लख्ख. तिवई फारच हलकी, फोकस करताना चित्र थरथरतं. फोन आणि नळीची दिशा दिवसाउजेडीच लांबच्या खांबावर जुळवून घ्या, सूर्याकडे चुकूनही न रोखता.