दोन वेळा जेवावे की दर दोन तासांनी खावे?

वजन कमी करू पाहणाऱ्या मराठी माणसापुढे हमखास दोन वाटा येतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीत कडकडीत भुकेच्या दोनच वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचे आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मात्र दर दोन तासांनी थोडेथोडे, घरचे अन्न खाण्याचा सल्ला लोकप्रिय केला.

पहिल्या पद्धतीत आधी भूक ओळखावी लागते, हे तिचे बलस्थान होय. परंतु वेळा एकदा ठरल्या की पुढे घड्याळाचेच राज्य चालते, आणि अकराला जेवून रात्री आठपर्यंत थांबलेल्या माणसाची, पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच, चौथी पोळी संपलेली असते. दुसऱ्या पद्धतीत ही वखवख टळते, पण भूक लागण्याआधीच डबा उघडण्याची सवय जडते. शिवाय भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक नेहमीच्या जेवणवेळांशी जुळवून घेते. म्हणूनच रोज चारला चहाबरोबर खारी खाणाऱ्याला चारच्या ठोक्याला भूक लागते. अशा वेळी समोर पिठलं-भाकरी असती तर खाल्ली असती का, असे स्वतःला विचारावे. ‘नको, फरसाणच हवे’ असे उत्तर आले, तर ती भूक नव्हे, तलफ. (माझे उत्तर बहुधा फरसाणच असते.)

चालण्याचा हिशेब मांडला, तर दीक्षितांचे आठवड्याला 315 मिनिटे होतात, तेही ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी 150 ते 300 मिनिटांची आहे. गुडघे कुरकुरत असतील किंवा लोकलच्या प्रवासातच दोन तास जात असतील, तर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे मला अधिक निभावण्याजोगे वाटते.

दोन्ही जेवणे घरी, ठरल्या वेळी होत असतील तर पहिली पद्धत सोपी जाते. पाळीची नोकरी असणाऱ्यांनी किंवा उपाशी राहिल्यावर खाण्यावरचा ताबा सुटणाऱ्यांनी दुसरी घ्यावी, मात्र अंतर तीन-चार तासांचे ठेवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. औषध तेवढेच ठेवून जेवण लांबवले, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.